पूर येणार, हे म्हणायचं कोणी?

दिवाळी अंकासाठी आठवणी मागायला आलेल्या गृहस्थांनी मला पहिलाच प्रश्न केला, "टेलिफोनच्या बोर्डावर तुम्ही उभा जन्म काढलात, म्हणजे लोकांची पुष्कळ बोलणी कानांवर पडली असतील?" त्यांच्या चेहऱ्यावरची उत्सुकता पाहून मला वाईट वाटलं. तेव्हा आधीच सांगते, चोरून ऐकलेलं यात काही नाही. ऐकायला फुरसत कुठे होती? आणि ऐकलं असतं तरी सांगण्याजोगं फार थोडं निघालं असतं. कारखान्यातली माणसं फोनवर बहुतेक वेळ एकच वाक्य बोलतात: "त्यांचं काय ठरलं?"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन त्याला गणती नाही. या लेखात सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

चिंचवड स्टेशनापासून चालत जाण्यासारखा आमचा कारखाना होता. पाण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिनं बनवायचा. एकोणीसशे पन्नासचं दशक तेव्हा निम्मं सरलं असेल. चहूकडे ज्वारीची रानं, मधेच एखाद्या नव्या कारखान्याची भिंत, पिंपरीकडे सिंधी निर्वासितांची वसाहत. माझे वडील खडकीला लष्कराच्या सिग्नलमध्ये हवालदार होते. बोर्डाचं काम मी त्यांच्या ओळखीने तिथेच शिकले आणि मॅट्रिक झाल्याबरोबर इथे लागले. सबंध कारखान्यात बाई मी एकटी, त्यामुळे मला नाव असण्याची गरजच नव्हती. सगळे 'बाई' म्हणत. फक्त वर्क्स मॅनेजर गद्रे साहेब 'मिस शिंदे' म्हणत, कारण ते दोन वर्षं इंग्लंडात राहून आले होते.

बोर्ड म्हणजे एक लाकडी कपाट. त्यावर भोकांच्या रांगा आणि प्रत्येक भोकाशी एक छोटी झडप. कुणी फोन उचलला की त्याची झडप खट्कन खाली पडे. मग एक दोरी त्या भोकात घालून विचारायचं, "कोण हवंय?" आणि जोडीची दुसरी दोरी हव्या त्या भोकात. काम एवढंच. पण दिवसभर दोऱ्या जोडता जोडता कारखाना कसा चालतो ते तिथून जसं दिसे, तसं साहेबांच्या खोलीतूनही दिसत नसे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वर कुणीतरी ठरवतो आणि खाली सगळे करतात. बोर्डावरून दिसायचं ते असं: मशीनशॉप ओतशाळेला विचारणार, तुमचं काय ठरलं. ओतशाळा स्टोअरला विचारणार. स्टोअर म्हणणार, साहेब काय म्हणतात ते बघतो. आणि साहेब म्हणणार, "बघू." गद्रे साहेब हुशार होते, मनाने चांगले होते, पण 'बघू' हा शब्द त्यांनी इंग्लंडला जातानाही ट्रंकेत घालून नेला असावा.

एरवी यात कोणाचं काही बिघडत नसे. बिघडायचं ते श्रावणात.

त्यासाठी आधी ओतशाळेचं सांगायला हवं. ओतशाळेत वाळूचे साचे करतात आणि त्यांत लोखंडाचा रस ओततात. रस होतो भट्टीत. भट्टी सकाळी पेटवली की दुपारी रस येतो, आणि एकदा आला की तो थांबत नाही. साचे भरून संपेपर्यंत सगळ्यांनी जागेवर राहायचं. मधेच विझवायची झाली तर खालचा तळ उघडून आतलं सगळं पाडावं लागतं आणि त्यालाही माणसं लागतात. माणसं निघून गेली तर लोखंड आतच थिजतं. मग छिन्नी-हातोडा घेऊन आठवडाभर ते फोडत बसा.

आता गंमत अशी, की साचे करणारी बरीचशी माणसं नदीपलीकडची होती. थेरगाव, वाकड या बाजूची. पावसाळ्यात पवनेचा उतार, म्हणजे एरवी पायी नदी ओलांडायची जागा, बुडायचा आणि ही माणसं नावेने यायची, नावेने जायची. नदी चढायची ती संध्याकाळी. भट्टीचं ठरवायचं सकाळी. म्हणजे संध्याकाळी पूर येणार की नाही हे सकाळी, कोरड्या अंगणात उभं राहून ठरवायचं.

ठरवायला तीन माणसांचा आधार होता. चिंचवडचे स्टेशनमास्तर नाईक. त्यांच्याकडे रेल्वेचा स्वतःचा फोन होता, त्यावरून ते लोणावळ्याला विचारून घाटातला पाऊस सांगत. दुसरा गेनू. रावेतच्या बंधाऱ्यावर आमच्या कारखान्याचा पाण्याचा पंप होता, तो गेनू सांभाळी. नदी आमच्याआधी त्याच्याकडे पोचे. तिसरा धोंडिबा नावाडी. त्याच्याकडे फोन नव्हता. त्याच्या नावेतून जो कामावर येई तो त्याचा निरोप आणी.

तिघेही खरे बोलत. तरी तिघांच्या बोलण्यावरून काही कळत नसे. नाईक मास्तर रत्नागिरीकडचे. घाटात आभाळ फाटलं तरी ते म्हणत, "छे हो, ह्याला आमच्याकडे पाऊस म्हणत नाहीत. शिंतोडे आहेत." गेनू बीडकडचा. त्याच्या गावी नदीत वर्षातून चार महिने पोरं हुतुतू खेळत. बंधाऱ्यावरून वीतभर पाणी गेलं की तो फोनवर रडकुंडीला येई, "बाई, गेलं बगा समदं, बुडालो." आणि धोंडिबा म्हणजे जातिवंत नावाडी. त्याला पाण्याचं विचारणं हाच त्याचा अपमान. "नाव माजी हाय, पानी माजं हाय," असं त्याचं ठरलेलं उत्तर. मला सवयीने त्यांचं भाषांतर जमू लागलं होतं. मास्तर 'बरा पाऊस' म्हणाले की काळजी करायची आणि गेनू बुडाला की चहा घ्यायचा. पण भाषांतर माझ्या डोक्यात. माझं मत विचारायला बोर्डावर कुणाची झडप पडत नव्हती.

एका श्रावणात गेनू नेहमीपेक्षा जास्त बुडाला. बातमी कँटीनमध्ये पोचली. तिथून ओतशाळेत पोचेपर्यंत तिचं "साहेबांनी पलीकडच्यांना सोडलं" असं झालं. ओतशाळेचे फोरमन उस्मानभाई. धिप्पाड माणूस, मिरजेकडचा. आवाज असा, की त्यांना फोन दिला होता तो निव्वळ मानाचा म्हणून. त्यांना वाटलं, साहेबांनी सोडलंय तर काही कळलं असेल. साहेबांनी खिडकीतून माणसं जाताना पाहिली आणि त्यांना वाटलं, उस्मानभाईंनी सोडलंय तर त्यांना काही कळलं असेल. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला आणि भट्टीत रस तसाच राहिला. उस्मानभाई आणि दोघे-तिघे तेवढे मागे उरले होते. त्यांच्याने तळ उघडेना.

नदी त्या संध्याकाळी हललीसुद्धा नाही. पलीकडच्यांनी घरी जाऊन दिवसाउजेडी जेवण केलं.

पुढचा आठवडा भट्टीतलं लोखंड फोडण्यात गेला. मुंबईहून मालक मंडळींपैकी एकजण आले आणि साहेबांच्या खोलीचं दार लावून बरंच बोलून गेले. ओतशाळेत पलीकडच्या माणसांना 'पूरवाले' असं नाव पडलं. किसन नावाचा एक मोल्डर, म्हणजे साचे करणारा, होता थेरगावचा, सडपातळ, कामाला फार सुबक. त्याला तर येता-जाता कुणीतरी विचारी, "काय किसन, आज धोतर वर खोचून आलास?" हसायचे सगळेच. मीही हसले असेन.

यानंतर कारखान्यात 'पूर' हा शब्द बंद झाला. गेनू बुडालो म्हणेनासा झाला. कारण विचारलं तर म्हणाला, "मागल्या टायमाला माज्यामुळं झालं म्हनत्यात."

आणि मग पंधरवड्यातच नदी खरोखर आली.

त्या दिवशी दुपारपासून माझ्या बोर्डावर झडपा पडत होत्या. उस्मानभाई विचारत होते, साहेबांचं काय ठरलं. साहेब विचारत होते, ओतशाळेत काय म्हणतात. मास्तर म्हणाले, "जरा बरा पाऊस आहे हो आज." मी ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं आणि वर माझं भाषांतरही जोडलं. साहेब म्हणाले, "बघू, मिस शिंदे." रस ओतून झाला, भोंगा झाला, पलीकडचे नावेत बसले. मधल्या धारेत नाव फिरली आणि कलंडली. नदीकाठच्या बाभळींना धरून माणसं रात्रभर राहिली आणि सकाळी दोर टाकून एकेकाला काढलं. धोंडिबा सगळ्यांत शेवटी उतरला. माणूस एकही गेला नाही, ही देवाची कृपा म्हणायची. पण किसन पाण्यात फार वेळ होता. तो आजारी पडला, महिन्याने उठला तो खोकला घेऊनच. ओतशाळेच्या धुराला तो पुन्हा उभा राहू शकला नाही. साहेबांनी त्याला फाटकावर वॉचमनची जागा दिली. सुबक साचे करणारे हात भोंग्याची कळ दाबायला लागले. याचं वाईट मला आजही वाटतं.

तो बरा होऊन आल्यावर साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. उस्मानभाई, किसन, धोंडिबा, रावेतहून गेनू. नाईक मास्तरांना चहाचं निमंत्रण होतं. मला नोंदी करायला म्हणून बसवलं.

पहिला तासभर काही निष्पन्न झालं नाही. उस्मानभाई म्हणाले, "साहेब, मला फक्त एवढं सांगा, भट्टी पेटवू की नको. बाकी मला काही नको."

"ते पुरावर आहे," साहेब म्हणाले. "धोंडिबा, पूर येणार हे सकाळी सांगता येईल का?"

"यायचा असंल तर येतो, साहेब."

"कोकणात असतात तर तुम्हाला सवय झाली असती," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दुसरा कप घेतला.

किसन दाराशी उभा होता. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. म्हणाला, "त्या दिशी पानी चढतंय त्ये मला ठावं हुतं. सकाळीच नावंत बसताना दिसलं हुतं. म्या बोललो न्हाई."

"का?"

"आदीच्या खेपंला लई हसलं समदे."

उस्मानभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्यात मी पण होतो," ते म्हणाले.

गेनू म्हणाला, "मला बी दिसलं हुतं."

साहेब म्हणाले, "मलाही मिस शिंदेंनी सांगितलं होतं. पण मुंबईचे पुन्हा दार लावून बोलतील, हे डोक्यात होतं. म्हणजे ठाऊक सगळ्यांना थोडंथोडं होतं. आपण भीत होतो ते पुराला नाही."

त्या माणसाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात चिडवत आले, पण हे वाक्य बोलायला धाडस लागतं. ते त्यांनी सगळ्यांच्या देखत केलं.

पुढचं मग भराभर झालं. पाऊस बरा की वाईट, हे कुणाला विचारायचंच नाही असं ठरलं. गेनूने एवढंच सांगायचं, की बंधाऱ्याची तिसरी पायरी दिसते की बुडाली. मास्तरांनी पावसाची कोकणाशी तुलना न करता सांगायचं, की घाटात गाड्या सावकाश सोडताहेत की नेहमीसारख्या. धोंडिबाला काही विचारायचंच नाही. त्याने वल्ह्यावर दुसरा माणूस घेतला आहे का, ते उतरलेल्या माणसाने बघून सांगायचं. तीन खुणा. भट्टी पेटवण्याआधी त्या माझ्याकडे यायच्या. तिन्हींपैकी दोन वाईट असल्या की भट्टी बंद, भोंगा दोनदा वाजवायचा आणि पलीकडच्यांनी ताबडतोब घरी जायचं. बुडलेलं काम रविवारी भरून काढायचं.

"आणि पूर आलाच नाही तर चूक कोणाची?" उस्मानभाईंनी विचारलं.

"कोणाचीही नाही. मुंबईने विचारलं तर माझी. ते मी त्यांना आधीच सांगून ठेवतो."

"तुम्ही नसलात तर?"

"तरी तसंच. मला विचारायचं नाही."

"आणि असलात तर विचारायचं?"

साहेब थोडं हसले. "तरी नको. मी बघू म्हणेन."

पुढच्या पावसाळ्यात या नियमाची परीक्षा झाली आणि ती अगदी लाजिरवाणी झाली. साहेब मुंबईला गेले होते. साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्याचे इंजिनिअर आपल्या मोठ्या पंपाचं ओतकाम डोळ्यांनी बघायला आले होते. गृहस्थ इतके हौशी, की रस बघायचा म्हणून घरून काळा चष्मा आणला होता आणि तो सकाळपासून लावूनच बसले होते. बाहेर लख्ख ऊन. आणि माझ्याकडे गेनूचा फोन आला: तिसरी पायरी बुडाली. मास्तर म्हणाले, "घाटात गाड्या सावकाश," आणि आणखी काही बोलायचं त्यांनी मोठ्या कष्टाने टाळलं. धोंडिबा वल्ह्यावर एकटाच होता. तरी खुणा दोन झाल्या.

मी ओतशाळेला फोन लावला.

"बाई," उस्मानभाई म्हणाले, "जरा बाहेर या आणि वर बघा."

"बघितलं. ऊन आहे."

"मग?"

"मग खुणा दोन आहेत."

"साहेबांना मुंबईला ट्रंक कॉल लावा."

"लावते. लागायला दुपार होईल. आणि लागला तरी, विचारायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय."

यानंतर उस्मानभाई जे बोलले ते फोनशिवाय, अंगणापलीकडून, मला स्वच्छ ऐकू आलं. ते इथे देत नाही. ऑपरेटरने आजवर दुसऱ्यांचे निरोप पोचवले होते, दिवस बंद केला नव्हता. मी फाटकावर फोन केला. किसनने उचलला.

"भोंगा वाजव. दोनदा."

त्याने बाहेर पाहिलं असावं. "नक्की ना बाई?"

"नक्की काहीच नाही किसन. वाजव."

भोंगा झाला. पलीकडचे उन्हात घरी गेले. काही वेळाने मी खिडकीतून पाहिलं, तर उस्मानभाई रचलेल्या भट्टीसमोर हात मागे बांधून उभे होते. त्यांनी ती पेटवली नाही. इंजिनिअर गृहस्थ काळा चष्मा लावून गावातल्या गणपतीच्या दर्शनाला गेले. दुपारी मुंबईचा ट्रंक लागला तेव्हा मी साहेबांना भट्टी बंद आहे एवढंच कळवलं.

नदी जेमतेम काठच्या बाभळींच्या बुडाशी चढली आणि उतरली. पलीकडच्यांनी दुपारी भाताची खुरपणी उरकली.

दुसऱ्या दिवशी साहेब परत आले तेव्हा सगळ्या कारखान्याचे कान त्यांच्या दाराकडे होते. साहेबांची झडप पडली.

"मिस शिंदे, काल खुणा किती होत्या?"

"दोन, साहेब."

"ठीक. उस्मानभाईंना सांगा, रविवारी भट्टी." मी दोरी काढणार तेवढ्यात ते म्हणाले, "मुंबईला जाब मी देऊन आलोय."

बस, एवढंच. कुणाला बोलणं नाही, कुणाला नवं नाव पडलं नाही. गेनूला तर खरं वाटेना. त्याने मला दोनदा फोन करून विचारलं, "माजं नाव कुनी घेतलं न्हाई?"

माझ्या नोकरीत मला अभिमान वाटावा असे दिवस थोडे आहेत. त्यांत हा पहिला, जरी त्या दिवशी मी एक चांगला दिवस फुकट घालवला होता. हा नियम पुढे फार टिकला नाही. साहेब दुसरीकडे गेले. नवे आले त्यांनी विचारलं, "तीन-तीन माणसं कशाला? जबाबदार कोण, ते एक नाव सांगा." एक नाव ठरलं. त्या एका नावाची झडप मग दर श्रावणात माझ्या बोर्डावर पडू लागली आणि विचारू लागली, बाकीच्यांचं काय म्हणणं आहे. पुढे नदीवर पूल झाला आणि सगळ्यांचीच सुटका झाली.

पण त्याआधी, गद्रे साहेबांच्या शेवटच्या पावसाळ्यात, एका सकाळी तिन्ही खुणा आल्या. धोंडिबाने वल्ह्यावर पुतण्याला घेतलं होतं आणि ते सांगताना उतरलेला माणूसही गंभीर होता. मी फोन केला. उस्मानभाई फक्त "हां" म्हणाले. भोंगा वाजला, माणसं अवजारं पुसून ठेवून निघाली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. उस्मानभाई स्वतः त्यांच्याबरोबर नदीपर्यंत गेले, शेवटची खेप पलीकडे लागेपर्यंत काठावर थांबले आणि चिखलाच्या पायांनी माझ्या खोलीत येऊन बसले. यापूर्वी ते कधी तिथे बसले नव्हते.

मी चहा मागवला. ते खिडकीतून ओतशाळेच्या धुराड्याकडे बघत होते. धूर नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "थंड भट्टी मला बघवत नाही."

दुपार कलताना किसन फाटकावरून चालत आला आणि म्हणाला, काठ गेला, बाभळीबी गेल्या, निस्तं पानीच हाय. उस्मानभाईंनी कप खाली ठेवला. "सगळे पलीकडे आहेत," ते म्हणाले. आम्हाला ते ठाऊकच होतं. तरी त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. मग टोपी घालून ते उद्याचे साचे कोरडे राहतील की नाही ते बघायला गेले.